चित्र रंगीत आहे, पण जाळी कशी आहे?



विज्ञान प्रदर्शनात, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये हल्ली एक चित्र हमखास बघायला मिळतं. एखादा पूल, गाडीचा सांगाडा किंवा पंपाचं पातं असतं आणि त्यावर निळा, हिरवा, पिवळा, लाल असे रंग पसरलेले असतात. विद्यार्थी सांगतो, "सर, लाल आहे तिथे ताण जास्त." आपण मान डोलावतो, परीक्षकही डोलावतात. त्या रंगांच्या खाली मात्र एक जाळी असते. लाल रंग नेमका कुठे दिसणार, किती गडद दिसणार, हे बरंचसं त्या जाळीवर ठरतं. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

माझं म्हणणं असं की रंग बघण्याआधी जाळी बघायची सवय आपण मुलांना शाळेतच लावली पाहिजे. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आठवी ते दहावीच्या भूमितीत त्यासाठी लागणारं पुष्कळ काही आधीच आहे. आपण ते परीक्षेपुरतं शिकवतो आणि पुढे सरकतो. या लेखात ते कसं वापरता येईल, ते बघू.

जाळी म्हणजे नेमकं काय?

आयताचं क्षेत्रफळ काढायला सांगितलं तर मुलं लगेच लांबी गुणिले रुंदी करतात. पण शेताचा तुकडा वाकडातिकडा असेल तर? आठवीत आपण शिकवतो की अशा जागेचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढायचं आणि बेरीज करायची. अवघड आकार सोप्या तुकड्यांत फोडायचा, ही झाली मूळ युक्ती.

संगणकही हेच करतो. पुलावर भार आला की तो कुठे किती वाकेल, पंपातून पाणी कसं वाहील, भांड्याच्या कुठल्या भागात किती उष्णता पोहोचेल, या सगळ्याची समीकरणं माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहेत. अडचण असते ती आकाराची. गोळा, नळी, चौकोनी पट्टी अशा साध्या आकारांसाठी कागदावर उत्तर निघतं. खऱ्या वस्तूला भोकं असतात, वळणं असतात, कुठे जाड तर कुठे पातळ भाग असतो. मग त्या वस्तूचे हजारो, कधी लाखो छोटे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यापुरतं साधं उत्तर गृहीत धरतात, शेजारच्या तुकड्याशी ते जुळलं पाहिजे अशी अट घालतात आणि सगळी समीकरणं एकदम सोडवतात. तुकड्यांची ही जुळणी म्हणजे जाळी. इंग्रजीत तिला मेश किंवा ग्रिड म्हणतात.

रिचर्ड कूराँ या गणितज्ञाने १९४३ साली त्रिकोण पाडून असा एक प्रश्न सोडवण्याची रीत मांडली होती. पुढे विमानं आणि इमारतींच्या गणितात ही रीत वाढली आणि १९६० साली रे क्लफ यांनी तिला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं. आज इंजिनिअरिंगचा क्वचितच एखादा विद्यार्थी या नावाशिवाय कॉलेजातून बाहेर पडतो.

जाळी हाताने काढणं शक्य नसतं, म्हणून त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं. अमेरिकेत जोनाथन श्यूचुक यांनी १९९०च्या दशकात 'ट्रायँगल' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो सपाट आकृतीचे चांगले त्रिकोण पाडून देतो. बेल्जियममध्ये क्रिस्तोफ ग्योझेन आणि जाँ-फ्रान्स्वा रमाकल यांनी 'जीमेश' तयार केलं. ते घन आकारांचीही जाळी करतं आणि ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कोणालाही फुकट उतरवून घेता येतं. त्याची कामाची पद्धत भूमितीच्या वहीसारखीच आहे. आधी बिंदू द्यायचे, बिंदूंवरून रेषा आणि वक्र, रेषांनी वेढलेला पृष्ठभाग, पृष्ठभागांनी वेढलेला घन. जाळीही त्याच क्रमाने होते. आधी कडांवर ठिपके पडतात, मग पृष्ठभागावर त्रिकोण आणि शेवटी आतल्या पोकळीत चार त्रिकोणी तोंडांचे तुकडे भरले जातात.

कोणी विचारेल, त्रिकोणच कशाला? आलेख कागदासारखे सारखे चौकोन का नकोत? काही कामांत चौकोनच वापरतात. ठिपक्यांची रांगोळी मोकळ्या अंगणात झटपट निघते, तसं ते आहे. पण रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा नकाशा घ्या आणि त्यावर चौकोन आखा. किनारा पायऱ्या-पायऱ्यांचा दिसायला लागेल. खाडीच्या रुंदीपेक्षा चौकोन मोठा असला तर खाडी गायबच होईल. मोठ्या भोकांच्या जाळ्यातून बारीक मासळी निसटते, तशी माहिती निसटते. त्रिकोण मात्र वळणाला लागून बसतात, अरुंद जागी लहान आणि मोकळ्या जागी मोठे होऊ शकतात. म्हणून गुंतागुंतीच्या आकाराला त्रिकोण बरे.

जाळी चुकली तर काय होतं?

हा नुसता चित्राचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. नॉर्वेतली एक घटना सांगतो. उत्तर समुद्रातून नैसर्गिक वायू काढण्यासाठी 'स्लाइपनर ए' नावाचा एक प्रचंड मंच बांधला जात होता. त्याचा तळ काँक्रीटचा होता. २४ गोल कोश एकमेकांना चिकटून उभे आणि त्यांतल्या चार कोशांचे खांब वर गेलेले. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या गांड्सफ्योर्ड या खाडीत हा तळ चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरवत होते. साधारण ६५ मीटर खोलीवर एक भिंत फुटली. पाणी इतक्या वेगाने आत आलं की पंपांना आवरेना. तळावरचे लोक वेळेत बाहेर पडले, कोणाचा जीव गेला नाही. पण तळ समुद्रात गेला, तळाशी आपटून त्याचा चुरा झाला आणि त्या धक्क्याची नोंद भूकंपमापकांवर ३ रिश्टर इतकी झाली. एकूण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं होतं.

मुलांना हे सांगताना तीन गोल डबे घ्या आणि एकमेकांना चिकटवून ठेवा. मध्ये एक तीन कोपऱ्यांची फट राहते ना? त्या तळातही अशा फटी होत्या. त्यांत समुद्राचं पाणी होतं आणि ते भिंतींवर दाब देत होतं. भिंत फुटली ती अशाच एका फटीपाशी. तपासात दोन कारणं पुढे आली. एक म्हणजे त्या जागी लोखंडी सळ्या पुरेशा लांब नेलेल्या नव्हत्या. दुसरं म्हणजे संगणकावरच्या गणितात त्या कोपऱ्याची जाळी फार मोठी होती आणि तिचे काही तुकडे वेडेवाकडे होते. त्यामुळे भिंतीला कापू पाहणारा ताण खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी दिसला. कमी ताण दिसला म्हणून भिंत पातळ ठेवली गेली. अपघातानंतर तेच गणित नीट केलं, तेव्हा भिंत ६२ मीटरवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.

इथे थोडं थांबा. वापरलेलं सॉफ्टवेअर नावाजलेलं होतं. समीकरणं बरोबर होती. संगणकाने बेरजा-गुणाकारांत चूक केली नव्हती. दिलेल्या जाळीवर त्याने दिलेलं काम चोख केलं. त्या कोपऱ्यात जाळी बारीक हवी, हे ओळखायला माणूस लागत होता.

चुलीचे तीन दगड

वेडावाकडा तुकडा वाईट का, हे सातवीच्या मुलालाही कळेल असं सांगता येतं. चुलीचे तीन दगड आठवा. ते तीन बाजूंना नीट पसरून मांडले तर भांडं स्थिर बसतं. तेच तीन दगड जवळजवळ एका रांगेत मांडले तर? दगड तेवढेच, उंचीही तेवढीच, पण भांडं कलंडतं. एखादा दगड बोटभर खालीवर झाला की भांड्याचा कल एकदम बदलतो.

जाळीतल्या त्रिकोणाचं काम हेच असतं. त्याच्या तीन टोकांवर तीन आकडे असतात, समजा तापमानाचे. त्यावरून मधल्या जागेचा उतार ठरवायचा असतो, म्हणजे तापमान कोणत्या दिशेला किती वेगाने बदलतंय ते. त्रिकोण ऐसपैस असेल तर उतार विश्वासाचा. त्रिकोण काकडीच्या कापासारखा पातळ आणि एक कोन १८० अंशाजवळ गेलेला असेल, तर टोकावरच्या आकड्यातली जराशी चूक उतारात कितीतरी पट मोठी होते. आणि इंजिनिअरला हवा असतो तो बहुतेक वेळा हा उतारच. ताण म्हणजेसुद्धा आकार किती वेगाने बदलतो त्याचा हिशेब.

जमीन मोजणाऱ्यांना हे संगणकाच्या आधीपासून ठाऊक होतं. सर्वेक्षणाच्या पुस्तकांत अजूनही लिहिलेलं असतं की त्रिकोणाचा कोणताही कोन ३० अंशापेक्षा कमी आणि १२० अंशापेक्षा जास्त नसावा. डिप्लोमा सिव्हिलची मुलं हे वाक्य पाठ करतात. कारण विचारलं की मात्र गप्प होतात.

दहावीचा चक्रीय चौकोन इथे कामाला येतो

आता माझ्या आवडीचा भाग. ठिपके दिलेले आहेत, त्यांना जोडून त्रिकोण पाडायचे आहेत. ते अनेक प्रकारे पाडता येतात. त्यांतला चांगला प्रकार कसा ओळखायचा?

कागदावर एक समभुज चौकोन काढा. बाजू ६ सेंमी, कोन ६०, १२०, ६०, १२० अंश. त्याचे दोन त्रिकोण करायचे तर एक कर्ण काढावा लागेल. लांब कर्ण काढला तर दोन्ही त्रिकोणांचे कोन ३०, ३० आणि १२० येतात. आखूड कर्ण काढला तर दोन्ही समभुज, सगळे कोन ६०. दुसरी विभागणी उघडच चांगली. पण हे संगणकाला कसं कळणार? त्याला एक चाचणी दिलेली असते. काढलेल्या कर्णासमोरचे दोन कोन घ्या आणि त्यांची बेरीज करा. बेरीज १८० पेक्षा जास्त आली तर तो कर्ण पुसा आणि दुसरा काढा. लांब कर्णासमोरचे कोन १२० आणि १२०, बेरीज २४०, म्हणून तो बाद. आखूड कर्णासमोर ६० आणि ६०, बेरीज १२०, म्हणून तो राहू द्या.

बेरीज बरोबर १८० आली तर? दहावीचा कोणीही विद्यार्थी सांगेल, चौकोन चक्रीय आहे, चारही बिंदू एका वर्तुळावर आहेत. मग कोणताही कर्ण चालतो. म्हणजे बघा, "चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात" हे जे प्रमेय आपण गुणांसाठी घोकून घेतो, तेच जाळी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात क्षणाला हजारो वेळा तपासलं जातं. वेगळ्या शब्दांत सांगायचं तर कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा ठिपका येता कामा नये. रशियन गणितज्ञ बोरिस डेलोने यांनी १९३४ साली ही कल्पना मांडली, म्हणून या विभागणीला त्यांचं नाव आहे. सपाट आकृतीत तिचा मोठा गुण असा, की शक्य असलेल्या सगळ्या विभागण्यांपैकी हिच्यातला सगळ्यात लहान कोन सर्वांत मोठा असतो. पातळ त्रिकोण शक्य तेवढे टळतात.

तरीही काही त्रिकोण पातळ राहतातच. मग ट्रायँगलसारखा प्रोग्रॅम त्या वाईट त्रिकोणाच्या परिवर्तुळाचं केंद्र शोधतो, तिथे नवा ठिपका टाकतो आणि पुन्हा त्रिकोण जुळवतो. असं करत करत सगळे कोन २० अंशांच्या वर नेता येतात, मूळ आकृतीतच एखादा टोकदार कोपरा असेल तेवढा सोडून. नववीत लंबदुभाजक काढून परिवर्तुळ काढायला शिकवताना आपण हे एक वाक्य जरी सांगितलं, तरी कंपास हातात घेतलेल्या पोराला त्या रचनेचा उपयोग कळेल.

घन आकारात गोष्ट अजून अवघड होते. कोणत्याही बहुभुजाकृतीचे, नवा बिंदू न घेता, फक्त शिरोबिंदू जोडून त्रिकोण पाडता येतात. त्याच आधारावर आपण बहुभुजाकृतीच्या कोनांची बेरीज शिकवतो. मुलांना वाटतं, घनाकृतीतही असंच जमत असेल. नाही जमत. एरिक शोनहार्ट यांनी १९२८ साली फक्त सहा शिरोबिंदूंची एक आकृती दाखवली. ती नवा बिंदू घेतल्याशिवाय चार तोंडांच्या तुकड्यांत फोडताच येत नाही. त्रिकोणी लोलकाचं वरचं तोंड जरासं पिळलं की ती तयार होते. म्हणून घन वस्तूची जाळी करणं अजूनही कटकटीचं काम आहे. नासासाठी २०१४ साली तयार झालेल्या एका मोठ्या अहवालातही, हवेच्या प्रवाहाच्या गणितात जाळी तयार करणं ही मोठी अडचण असल्याचं नोंदवलेलं आहे. बटण दाबलं की जाळी तयार, असं मुलांना सांगितलं जात असेल तर ते अर्धंच खरं आहे.

अर्धी करून बघा

जाळी पुरेशी बारीक आहे की नाही, हे कसं ओळखायचं? साधी रीत आहे. तुकडे अर्ध्या मापाचे करा, पुन्हा गणित करा आणि उत्तर किती बदललं ते बघा. ही रीत वर्गात एका तासात करून दाखवता येते.

१० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ घ्या. त्याचं क्षेत्रफळ ३१४.२ चौ. सेंमी आहे, पण ते आपल्याला माहीत नाही असं समजू. आत सहा सारखे त्रिकोण पाडा. त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज २५९.८ येते. १२ त्रिकोण पाडले तर बरोबर ३००. २४ पाडले तर ३१०.६. ४८ पाडले तर ३१३.३. आता मुलांना विचारा, प्रत्येक वेळी किती कमी पडलं? ५४.४, १४.२, ३.६, ०.९. तुकडे दुप्पट केले की तूट साधारण चौथाई होत जाते. मुलांनी पट्टीने मोजून केलं तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चाल दिसेल.

पुढचा प्रश्न महत्त्वाचा. खरं उत्तर माहीत नसेल तर कुठे थांबायचं? मग नुसत्या उत्तरांकडे बघायचं. २५९.८ वरून ३०० ला उडी ४० ची. ३०० वरून ३१०.६ ला उडी १०.६ ची. तिथून ३१३.३ ला उडी २.७ ची. उड्या लहान होत चालल्या, म्हणजे उत्तर स्थिरावतंय. ज्याने सहा त्रिकोणांवर थांबून २५९.८ लिहिलं, त्याला आपलं उत्तर सतराहून जास्त टक्क्यांनी कमी आहे याचा पत्ताच लागणार नाही. त्याचं चित्र मात्र छान रंगवता येईल.

कधीकधी उड्या लहान होतच नाहीत. आत वळलेला अगदी धारदार कोपरा असेल तर जाळी जितकी बारीक करावी तितका तिथला ताण वाढतच जातो. तेव्हा समजायचं की आपण आखलेला कोपराच खोटा आहे. प्रत्यक्ष वस्तूत तो थोडा तरी गोल असतो. आणि आणखी एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. जाळी बारीक केल्याने चुकीचं गृहीतक बरोबर होत नाही. भार चुकीचा धरला असेल तर बारीक जाळी चुकीचंच उत्तर जास्त अचूकपणे देईल.

मग सगळीकडेच बारीक का नको?

हुशार मूल हे विचारतंच. उत्तर आहे खर्च. सपाट आकृतीत तुकड्याचं माप अर्धं केलं की तुकडे चौपट होतात. घन आकृतीत आठपट. १० लाख तुकडे होते ते ८० लाख होतात आणि आणखी एकदा अर्धे केले की ६ कोटी ४० लाख. शाळेच्या लॅबमधला संगणक मान टाकतो.

याचं आपल्या जवळचं उदाहरण हवामानाचं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत घडलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. आधी अंदाजासाठी १२ किलोमीटरची जाळी होती, ती आता ६ किलोमीटरवर आली. ऐकायला फरक लहान वाटतो. पण १२ किलोमीटरच्या एका चौकोनात १४४ चौ. किमी जमीन मावते आणि ६ किलोमीटरच्या चौकोनात ३६. सह्याद्रीत तर काही किलोमीटरांत कोकणातून घाटमाथ्यावर चढ होतो. चौकोन मोठा असला की दरी आणि माथा एकाच सरासरीत मिसळून जातात. एवढ्या एका पायरीसाठी मोठा महासंगणक लागला.

म्हणून जाळी करणारा माणूस हात राखून खर्च करतो. भोकाभोवती, कोपऱ्यात, जिथे काहीतरी झपाट्याने बदलतं तिथे बारीक जाळी. सपाट, निवांत भागात मोठी. कुठे बारीक हवी हे ठरवायला वस्तू कशी वागेल याचा आधी अंदाज असावा लागतो. हा अंदाज वर्गातल्या गणितातून, हाताने केलेल्या ढोबळ हिशेबातून आणि वस्तू हाताळण्यातून येतो. सॉफ्टवेअरच्या मेनूत तो नसतो.

"पण हे आता आपोआप होतं ना?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच खोटा नाही. आजची सॉफ्टवेअर चूक कुठे मोठी आहे याचा अंदाज घेऊन तिथे जाळी स्वतःच बारीक करू शकतात. ही सोय जरूर वापरावी. पण कोणती चूक मोजायची, किती चूक चालेल आणि कुठे थांबायचं, हे माणसानेच सांगावं लागतं. ज्याला वाईट त्रिकोण म्हणजे काय हेच माहीत नाही, तो ते सांगणार कसा?

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो. "मुलाने सॉफ्टवेअरचा कोर्स केला की नोकरी मिळते, तुमच्या भूमितीच्या प्रमेयांनी काय मिळतं?" पालकहो, तुमची काळजी रास्त आहे. कोर्सला माझा विरोध नाही. दोन आठवड्यांत बटणं शिकवणारे आणि शेवटी छापील प्रमाणपत्र देणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत, त्यांतून हात चालायला लागतो हेही खरं. पण बटणं दर काही वर्षांनी बदलतात. परिवर्तुळ बदलत नाही. फक्त बटणं येणाऱ्या मुलाला उद्या नवा प्रोग्रॅम आला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय ज्या कामावर माणसांचे जीव अवलंबून आहेत, तिथे "सॉफ्टवेअरने असं दाखवलं" हे उत्तर चालत नाही. स्लाइपनरच्या वेळी सुदैवाने माणसं वाचली. दर वेळी वाचतील असं नाही.

तिसरा आक्षेप आपल्या शिक्षकांचाच: अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? मला वाटतं, नवा धडा नकोच. आहेत त्याच धड्यांत दोन-तीन वाक्यं आणि एखादा तास पुरेल.

वर्गात आणि घरी काय करता येईल

आठवीत अनियमित जागेचं क्षेत्रफळ शिकवताना शाळेच्या मैदानाचा नकाशा द्या. एका गटाने पाच त्रिकोण पाडावेत, दुसऱ्याने दहा, तिसऱ्याने वीस. उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. उत्तरं का वेगळी आली, याची चर्चा मुलांनाच करू द्या.

नववीत परिवर्तुळ झालं की कागदावर आठ-दहा ठिपके मारून द्या. त्रिकोण पाडायला सांगा आणि प्रत्येकाच्या परिवर्तुळात दुसरा ठिपका येतो का ते तपासायला लावा. कंपास घेऊन हे करताना मुलं चिडतात, मग रंगतात. नंतर जिओजेब्रा उघडा. त्यात ठिपक्यांच्या यादीवरून डेलोनेची विभागणी काढून देणारी आज्ञा आहे. हाताने काढलेलं आणि संगणकाने काढलेलं जुळतं का ते बघा. क्रम मात्र हाच ठेवा, आधी हात आणि मग बटण.

अकरावी-बारावी आणि डिप्लोमाच्या मुलांना जीमेश बसवून द्या. साधी चौकोनी पट्टी, मध्ये एक गोल भोक. भोकाभोवतीची जाळी बारीक करा, मोठी करा, बघा. पुढे ज्यांना पाण्याच्या किंवा हवेच्या प्रवाहाचं गणित करावंसं वाटेल, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पातून ओपनफोम या मुक्त सॉफ्टवेअरचं शिक्षण उपलब्ध आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरची गरज नाही.

आणि प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाल, किंवा घरी मुलगी लॅपटॉपवर रंगीत चित्र दाखवेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. जाळीचा सर्वांत वाईट त्रिकोण कुठे आहे, दाखव बरं? जाळी अर्धी केली तेव्हा उत्तर किती बदललं? हाताने ढोबळ हिशेब केला तर किती येतं? यासाठी तुम्हाला स्वतःला ते सॉफ्टवेअर येण्याची गरज नाही. सुरुवातीला मुलं गडबडतील. तिला उत्तर देता आलं नाही तर रागावू नका, गुणही कापू नका. "पुढच्या वेळी बघून ये" एवढं म्हणा. ती बघून येईल.

आपल्या वर्गातली काही मुलं उद्या पूल बांधतील, गाड्यांचे भाग आखतील, धरणाच्या भिंतीचं गणित करतील. तेव्हा त्यांच्या शेजारी आपण नसू, पाठ्यपुस्तकही नसेल, असेल तो एक प्रोग्रॅम, आणि तो कुठल्याही जाळीवर बिनतक्रार उत्तर देईल. त्या उत्तरावर सही करण्याआधी एकदा खाली वाकून जाळी बघावी, असं त्यांना वाटलं पाहिजे. या सत्रात परिवर्तुळाचा धडा येईल तेव्हा ठिपक्यांचा खेळ एकदा घेऊन बघा. तुमच्या वर्गात काय झालं, मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते जरूर कळवा.